राहण्यासाठी भाड्याने घेतलेल्या घरातून व्यवसाय: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

भाडेकरार नोंदवून देण्याच्या कामात एकच चूक मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. माणूस घर राहण्यासाठी घेतो. सहा महिन्यांत तिथूनच शिकवणी, डबे, शिवणकाम किंवा ऑनलाइन विक्री सुरू करतो. त्या पत्त्यावर गुमास्ता (शॉप अॅक्टची नोंद) काढतो, जीएसटी नंबर घेतो आणि सगळ्यात शेवटी, बहुतेकदा काहीतरी बिनसल्यावरच, घरमालकाला सांगतो. क्रम नेमका उलटा. त्याचा प्रत्येक कागद खरा असतो, पण ज्या करारावर ते कागद उभे आहेत त्यात लिहिलेलं असतं, "सदर सदनिकेचा वापर फक्त राहण्यासाठी करण्यात येईल." मग तोच गुमास्ता त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसतो.

योग्य क्रम असा: आधी कामाचं माप, मग मालक, मग सोसायटी, मग करार, मग वीज आणि नोंदण्या शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे (अंमल ३१ मार्च २००० पासून). गोव्यात १९६८ चा वेगळा कायदा आहे, तिथल्या वाचकांनी कलमांचे आकडे इथून उचलू नयेत.

## टप्पा १: तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सी, हे आधी ओळखा

बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

तुमच्याकडे ११, २२ किंवा ३६ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर तुम्ही लायसन्सी. तुम्हाला ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी आहे, जागेत हक्क नाही. गिरगाव, लालबाग, पुण्याच्या पेठा इथल्या जुन्या वाड्या-चाळींत दरमहा पावती फाडून, पागडीने (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन, कमी भाड्याने) राहणारे असाल तर तुम्ही संरक्षित भाडेकरू.

दोघांना धोका आहे, पण वेगवेगळा. लायसन्सीने कराराबाहेरचा वापर केला तर मालक करारातल्या अटीप्रमाणे लायसन्स मुदतीआधी संपवू शकतो. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि ताबा देईपर्यंत लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागतो. पागडीवाल्याला इतक्या सहज काढता येत नाही. मात्र त्याच्यावर कलम १६ खाली ताब्याचा दावा होऊ शकतो, आणि तो हरला तर पिढ्यान्‌पिढ्यांची जागा जाते. पागडीवाल्यांसाठी खाली वेगळा भाग आहे, तो सोडू नका.

तपासा: करार कुणाशी झाला आहे? सही करणारा खरोखर मालक आहे की स्वतःच भाडेकरू आहे? सूची क्रमांक दोन (घराच्या नोंदणीकृत दस्ताचा उतारा, इंडेक्स टू) आणि वीजबिलावरचं नाव जुळवून बघा. मालक दोघे असतील, म्हणजे नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ, तर पुढची प्रत्येक संमती दोघांच्या सहीची हवी.

## टप्पा २: कामाचं माप काढा

"मी घरातून छोटासा व्यवसाय करते" या वाक्याने काहीच कळत नाही. एका कोऱ्या कागदावर पाच प्रश्नांची उत्तरं लिहून काढा.

१. घरात राहणं चालूच राहणार का? रात्री तिथे कोण झोपतं, स्वयंपाक होतो का?
२. काम कोण करणार? घरातलीच माणसं, की पगारी माणूस येणार?
३. बाहेरून कोण येणार, दिवसाला किती आणि कोणत्या वेळी?
४. कोणतं यंत्र, किती विजेचं? माल किती साठणार?
५. पाटी लागणार का? भिंत, खिडकी, ग्रिल यांत काही बदल?

पहिला प्रश्न सगळ्यात मोठा आहे. घर राहतंच राहिलं आणि एका कोपऱ्यात काम चाललं, तर पुढचे सगळे टप्पे पार करता येतात. पण तुम्ही दुसरीकडे राहणार आणि या फ्लॅटमध्ये फक्त ऑफिस थाटणार असाल, तर इथेच थांबा. तो "घरातून व्यवसाय" राहत नाही, तो राहत्या जागेचा व्यावसायिक वापर होतो. त्याला मालकाची संमतीही पुरत नाही, कारण राहत्या जागेचं व्यावसायिक जागेत रूपांतर करण्यावर खुद्द मालकावरच बंधन आहे (कलम ३०). शिवाय इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेला दाखला) निवासी वापराचं असतं. ऑफिससाठी ऑफिसचीच जागा बघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तितकंच महत्त्वाचं. राज्याच्या बांधकाम नियमावलीत निवासी विभागात घरगुती व्यवसायाला जागा ठेवलेली आहे. घरच्याच माणसांनी, पगारी मजूर न लावता केलेलं शिवणकाम, भरतकाम अशी कामं त्यात येतात. डॉक्टर, वकील, सीए यांनी राहत्या घरात ठेवलेली बैठकीची खोली हाही जुना मान्य प्रकार आहे. पण चार मुली मशीनवर बसवल्या की तुम्ही या सवलतीच्या बाहेर गेलात.

इशारा: माप काढताना आजचं काम लिहू नका, वर्षभरानंतरचं लिहा. आज दहा डबे आहेत, दिवाळीनंतर चाळीस होणार असतील तर चाळीसच लिहा. संमती दहाची आणि काम चाळीसचं, यातूनच भांडणं होतात.

## टप्पा ३: कागद समोर ठेवून वाचा

मालकाला फोन करण्याआधी हे कागद हाताशी घ्या: चालू करार, शेवटचं वीजबिल, मालमत्ता कराचं बिल, सोसायटीचे उपविधी, आणि मिळालं तर भोगवटा प्रमाणपत्र.

करारात तीन गोष्टी पेन्सिलने अधोरेखित करा. वापराचं कलम, म्हणजे "फक्त राहण्यासाठी" की नुसतं "राहण्यासाठी". मुदतीआधी करार संपवण्याचं कलम. अनामत रकमेतून कपात कशाकशासाठी होऊ शकते ते कलम. बरेच जण हा करार पहिल्यांदा वाचतात तो भांडण झाल्यावर.

वीजबिलावर ग्राहकाचं नाव आणि दराचा प्रकार बघा, निवासी की वाणिज्यिक. नाव मालकाचंच असणार. त्यामुळेच मालक घाबरतो, आणि त्याची भीती खोटी नाही.

एक गोष्ट डोळ्यांसमोर घडलेली सांगतो. एक ताई दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये डबे करायच्या. मालकांना त्यांनी फोनवर विचारलं होतं, ते "करा की" म्हणाले होते. दहा महिन्यांनी विजेची तपासणी झाली. स्वयंपाकघरात दोन डीप फ्रीझर, बाहेरच्या खोलीत डब्यांच्या चळती, भिंतीवर दरपत्रक. वाढीव आकारणीचं बिल आलं ते मालकांच्या नावाने, त्यांच्या गावच्या पत्त्यावर. मालक माझ्यासमोर बसून म्हणाले, "मी असं काही बोललोच नव्हतो." ताई रडत होत्या. दोघंही खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं, कारण त्या फोनवर डब्यांबरोबर गळणाऱ्या नळाचाही विषय झाला होता आणि त्यांच्या लक्षात फक्त नळ राहिला. एक पानाचं पत्र असतं तर ताईंची अनामत वाचली असती.

## टप्पा ४: मालकाची लेखी संमती

आधी बोला, मग पत्र द्या. भेटायला जाताना टप्पा २ चा कागद बरोबर न्या. मालकाला तीन शंका असतात: जागा परत मिळेल ना, बिलं माझ्या गळ्यात पडतील का, आणि शेजारी तक्रार करतील का. तुमचं पत्र या तीन शंकांना उत्तर देणारं हवं. मी साधारण असा मसुदा देतो:

"मी/आम्ही सदनिका क्र. … चे मालक असून ती श्री./श्रीमती … यांना दि. … च्या नोंदणीकृत करारान्वये राहण्यासाठी लायसन्सने दिली आहे. सदर सदनिकेत कुटुंबासह राहत असताना त्यांनी आतल्या खोलीत शिवणकाम करण्यास आमची हरकत नाही. मशीन दोन, बाहेरचा कामगार नाही, वेळ सकाळी १० ते सायंकाळी ७. या कामासाठी शॉप अॅक्ट व उद्यम (लघुउद्योग) नोंदणीत हा पत्ता वापरण्यास संमती आहे. दर्शनी फलक लावण्यास संमती नाही. या वापरामुळे वीज, मालमत्ता कर किंवा सोसायटी आकारात जी वाढ होईल ती लायसन्सी भरतील. ही संमती कराराच्या मुदतीपुरती असून सदनिकेचा मुख्य वापर निवासीच राहील. या संमतीने कोणताही स्वतंत्र भाडेहक्क निर्माण होत नाही."

शेवटचं वाक्य भाडेकरूला टोचतं. माझं मत विचाराल तर ते ठेवाच. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सवर मालकाला कलम २४ चा जलद मार्ग आहे. घर व्यावसायिक झालं तर तो मार्ग अडेल, ही मालकाची सगळ्यात मोठी धास्ती. ते एक वाक्य ती धास्ती काढून टाकतं आणि एरवी "नाही" म्हणणारा मालक सही करतो.

"व्यवसाय करण्यास हरकत नाही" एवढंच मोघम पत्र घेऊ नका. ते दोघांनाही घातक. उद्या तुम्ही शिवणकामाऐवजी मसाले दळायला लागलात तर मालक अडकतो. आणि मालकाने "मला कपड्यांचं काम वाटलं, हे नव्हतं" म्हटलं तर तुम्ही अडकता.

इशारा: व्हॉट्सअॅपवरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. मालक परदेशात असेल तर सही केलेलं पत्र स्कॅन करून ईमेलने मागवा आणि मूळ प्रत टपालाने घ्या. "मालकाला माहीत होतं, तरी तो भाडं घेत राहिला" या युक्तिवादावर घर टांगून ठेवू नका.

## टप्पा ५: सोसायटी

नुसतं राहायला भाडेकरू ठेवताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. पण सदनिकेचा वापर ज्यासाठी ती दिली त्यापेक्षा वेगळा होणार असेल तर समितीची लेखी परवानगी हवी. हा अर्ज मालकाने करायचा असतो, भाडेकरूने नाही, कारण सभासद तो आहे. भाडेकरूने थेट सचिवांकडे अर्ज दिला आणि तो महिनोन्‌महिने फायलीत पडून राहिला, असं खूप वेळा होतं.

अर्जात माणसांची ये-जा आणि वाहनं यांचं स्पष्ट लिहा. सोसायटीला तुमच्या व्यवसायाशी फार देणंघेणं नसतं, जिन्याशी असतं. संध्याकाळी सहाला सुटणारी बॅच, दारात चपलांचे वीस जोड, खाली आडव्या लावलेल्या पाच सायकली: तक्रार इथून सुरू होते. शिकवणी घेणाऱ्यांनी बॅचमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर ठेवावं आणि चपलांचा रॅक दाराच्या आत ठेवावा. हे क्षुल्लक वाटेल, पण शेजाऱ्यांना होणारा उपद्रव हे कलम १६ मध्ये ताबा मागण्याचं स्वतंत्र कारण आहे.

भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. त्याची मर्यादा सेवा शुल्काच्या १० टक्के आहे, १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशापासून. व्यवसायाच्या नावाखाली यापेक्षा जास्त "भाडेकरू शुल्क" लावलं तर मालकाला तो आदेश दाखवायला सांगा.

## टप्पा ६: करारात ते शब्द घाला

संमतीपत्र असलं तरी करारात "फक्त राहण्यासाठी" हेच शब्द राहिले तर दोन कागद एकमेकांच्या विरोधात बोलतात. करार नवा होत असेल तर सोपं आहे: वापराचं कलमच नीट लिहा. "लायसन्सी व त्यांचे कुटुंब यांच्या राहण्यासाठी, आणि त्यास आनुषंगिक म्हणून परिशिष्टात वर्णन केलेल्या घरगुती व्यवसायासाठी" असं लिहिलं की काम होतं. परिशिष्टात टप्पा २ चं माप जसंच्या तसं घाला.

करार आधीच चालू असेल तर नोंदवलेल्या कराराची अट साध्या स्टॅम्प पेपरवर बदलू नका. पुरवणी करार नोंदवा, किंवा जुना रद्द करून उरलेल्या मुदतीचा नवा नोंदवा. खर्चाला घाबरू नका. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे. एकूण रक्कम म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज. महिना २५,००० भाडं, ११ महिने, एक लाख अनामत: भाडं २,७५,००० अधिक व्याज ९,१६७, म्हणजे २,८४,१६७, त्याचा पाव टक्का सुमारे ७१० रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. ज्या घरावर तुमची रोजीरोटी चालणार आहे त्यासाठी हा खर्च जास्त नाही.

आणि हो, "११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते" हे महाराष्ट्रात चूक आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालकाला नोंदणीसाठी तयार करायला हे एक वाक्य पुरतं.

तपासा: ऑनलाइन नोंदणीत जागेच्या वापराचा प्रकार निवडावा लागतो. एजंट घाईत काहीतरी टिचकी मारतो. अंगठा देण्याआधी पडद्यावरचा मसुदा स्वतः वाचा: वापर, मुदत, अनामत, सदनिकेचा क्रमांक.

## टप्पा ७: वीज आणि गॅस

इथे नुकसान सगळ्यात जास्त होतं, म्हणून सावकाश वाचा.

महावितरणच्या दरपत्रकात निवासी वर्गात दोन सवलती आहेत. डॉक्टर, वकील, अभियंता, सीए अशा व्यावसायिकांनी राहत्या घरात आपलं काम केलं तर दर निवासीच राहतो (शुश्रूषागृह किंवा रुग्णालय यात येत नाही). दुसरी, घराच्या काही भागात व्यवसाय चालवणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल तर तोही निवासी दरातच राहतो. लक्षात घ्या, ३०० मध्ये घरचा फ्रिज, गिझर, पंखे सगळं आलं. मागच्या बारा बिलांची बेरीज करा. मे महिन्यात एसीसह तुम्ही आधीच २८० वर असाल, तर एक ओव्हन तुम्हाला पार करेल. दरपत्रक वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतं, म्हणून चालू आदेशात ही मर्यादा बघून घ्या.

मर्यादा ओलांडणार असाल तर मालकाच्या सहीने दराचा प्रकार बदलून घ्या, किंवा त्या भागासाठी वेगळं मीटर मागा. न सांगता चालवलं आणि तपासणीत सापडलं तर वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. आकारणी लागू दराच्या दुप्पट, आणि वापर कधी सुरू झाला हे ठरवता आलं नाही तर तपासणीआधीच्या बारा महिन्यांची. तुम्ही तीन महिन्यांपूर्वीच काम सुरू केलं असेल तर तो पुरावा तुमच्याकडे हवा. संमतीपत्रावरची तारीख इथे कामी येते.

डबे आणि खाद्यपदार्थ करणाऱ्यांनी सिलिंडर बघा. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरगुती स्वयंपाकासाठी आहे. विक्रीसाठीच्या स्वयंपाकाला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. तो फ्लॅटमध्ये ठेवायचा तर आधी मालक आणि सोसायटीशी स्पष्ट बोला. इथे "कोण बघतंय" म्हणू नका, खाली-वर माणसं झोपलेली असतात.

## टप्पा ८: आता नोंदण्या

इथपर्यंतचं सगळं झालं असेल तर हा टप्पा एका आठवड्याचा आहे.

गुमास्ता, म्हणजे शॉप अॅक्ट. २०१७ च्या कायद्यापासून कमी कामगार असलेल्या आस्थापनेला पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. सूचना दिल्याची पावती मिळते. ती पावती जागेचा वापर कायदेशीर करत नाही, हे कृपया मनात पक्कं करा. "माझ्याकडे गुमास्ता आहे" हे मालकाच्या नोटिशीला उत्तर नव्हे.

उद्यम. आधार आणि पॅनवर, पूर्ण मोफत. कुणी पैसे मागितले तर तो फक्त फॉर्म भरण्याची मजुरी घेतो आहे.

अन्नपदार्थ. घरगुती स्वयंपाकघरालाही अन्न सुरक्षा नोंदणी लागते. लहान उलाढालीला साधी नोंदणी असते. पत्त्याचा पुरावा म्हणून करार लागतो.

जीएसटी. सेवेसाठी २० लाख आणि मालासाठी ४० लाख वार्षिक उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, ऑनलाइन विक्रीसारखे काही अपवाद सोडून. लागणार असेल तर भाड्यावरच्या कराचा आधी विचार करा. १८ जुलै २०२२ पासून नोंदणीकृत व्यक्तीने घर भाड्याने घेतलं तर भाड्यावर १८ टक्के कर भाडेकरूनेच उलट आकारणीने भरायचा असतो. एकल मालकीच्या धंदेवाल्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या राहण्यासाठी, धंद्याच्या खात्यावर न टाकता घेतलेलं घर यातून सुटतं. म्हणजे करार फर्मच्या नावाने केला किंवा सगळं भाडं धंद्याच्या खर्चात दाखवलं, तर सूट गेली. २५,००० भाड्यावर महिन्याला ४,५०० रुपये. करार कुणाच्या नावाने करायचा हे म्हणूनच टप्पा ६ मध्येच सीएंना विचारून ठरवा.

इशारा: मालकाच्या संमतीपत्रात ज्या नोंदणीचं नाव नाही ती त्या पत्त्यावर काढू नका. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय दाखवायचं असेल तर त्याची वेगळी, नाव घालून संमती घ्या.

## पागडीच्या आणि जुन्या भाड्याच्या जागा

इथे माझी कळकळ जास्त आहे, कारण इथे गेलेली जागा परत मिळत नाही.

सुरुवात पावतीपासून करा. जुन्या भाडेपावतीवर कुठेतरी "राहण्यासाठी" किंवा "दुकानासाठी" लिहिलेलं असतं. वीस-तीस वर्षांच्या पावत्या काढून बघा, मधेच शब्द बदलला आहे का. मूळ हेतू काय होता, हे ठरवताना सगळ्यात आधी पावती पुढे येते.

ताब्याच्या दाव्यात मालक तीन पोटकलमं वापरतो. पहिलं, कलम १६(१)(क), म्हणजे इंग्रजी प्रतीतलं १६(१)(ए): मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८(ओ) विरुद्ध वागणं, अर्थात ज्या कामासाठी जागा दिली त्यापेक्षा वेगळ्या कामासाठी वापरणं. दुसरं, दाव्याआधी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा दिलेल्या हेतूसाठी न वापरणं. तिसरं, बेकायदा पोटभाडेकरू. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आलं होतं. जागा उसाच्या रसाच्या धंद्यासाठी दिली होती, भाडेकरूने तिथे कापडाचं दुकान काढलं. एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाऊनही तो वापरबदल ठरला आणि भाडेकरूला जागा सोडावी लागली. मग राहत्या खोलीचा गाळा करणाऱ्याने काय धडा घ्यायचा ते उघड आहे.

"सहा महिने" हे कलम असं पकडतं: कुटुंब डोंबिवलीच्या नव्या घरात राहायला गेलं, चाळीतल्या खोलीत फक्त शिवणयंत्रं राहिली. खोली बंद नाही, रोज उघडते, भाडंही जातं. पण "राहण्यासाठी" वापर थांबला. तिथे खरंच कुणी राहतं, हे दाखवणारे कागद ठेवा: त्या पत्त्यावरचं मतदार ओळखपत्र, गॅसजोडणी, रेशनकार्ड, घरगुती वापर दिसेल असं वीजबिल.

वारसाहक्काचा मुद्दा तर जवळजवळ कुणालाच माहीत नसतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेत भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. धंद्यासाठी दिलेल्या जागेत, त्याच्यासोबत तिथे धंद्यासाठी जागा वापरणारा. आता जागा कागदावर राहण्याची, प्रत्यक्षात टेलरिंगची, आणि वडील-मुलगा दोघंही राहायला दुसरीकडे. वडील गेले. मुलगा रोज त्या जागेत कापड कापत होता, पण "सोबत राहत" नव्हता. त्याचा हक्क वादात सापडतो. वडील असतानाच मालकाकडून वापराची लेखी नोंद किंवा पावतीवर बदल करून घेणं, हाच खरा इलाज.

भागीदार घेताना जपा. भागीदारीच्या नावाखाली दुसऱ्यालाच जागा दिली तर ते पोटभाडं ठरू शकतं. तुम्ही स्वतः जागेत काम करत असलं पाहिजे, ताबा आणि किल्ली तुमच्याकडे हवी.

डागडुजीबद्दल: लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाकाचा ओटा, दार, हवेसाठीची खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं यांना कायदा कायमचं बांधकाम मानत नाही, पालिकेची परवानगी लागत असेल तिथे ती घेतली तर. पण रस्त्याकडची भिंत फोडून शटर बसवणं यात येत नाही. त्याला मालकाची लेखी संमती हवीच.

नोटीस आली तर दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जा. घाबरून यंत्रं रातोरात हलवू नका, आणि रागाने स्वतःच्या हाताने उत्तरही लिहू नका. "हो, पण मी तर दहा वर्षांपासून करतोय" असं उत्तरात लिहून लोक स्वतःच कबुली देतात.

## टप्पा ९: घर सोडताना

हा टप्पा सगळे विसरतात आणि त्याचा त्रास मालकाला वर्षानुवर्षं होतो. निघण्याच्या महिन्याभर आधी यादी करा: शॉप अॅक्टमध्ये बदल किंवा बंद केल्याची सूचना, उद्यमचा पत्ता, अन्न नोंदणी, बँकेचं चालू खातं, नकाशावरची दुकानाची नोंद, विक्रीच्या अॅपवरचा माल परत घेण्याचा पत्ता. जीएसटीत पत्ता बदलल्यास पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. वीजदर बदलून घेतला असेल तर मालकाच्या सहीने तो पुन्हा निवासी करून घ्या, नाहीतर पुढचा भाडेकरू जास्त दराने बिल भरत राहील.

या सगळ्याच्या पावत्या आणि शेवटचं वीजबिल एका लिफाफ्यात घालून किल्लीबरोबर मालकाला द्या आणि "अनामत रक्कम पूर्ण मिळाली, जागेचा ताबा परत दिला" अशी दोघांच्या सहीची, तारखेची एक ओळ त्याच वेळी, त्याच टेबलावर लिहून घ्या.